मामंजींचा गुडघा

आमचे मामंजी शेळीमागे धावताना पडले. हे आज लिहिते आहे, कारण आता रागवायला ते नाहीत. त्या वेळी घरात त्या शेळीचा विषय काढायची सोय नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी सांगत, "तालमीत पोरास्नी डाव दाखवत हुतो. पोरगं नवीन. चुकीचा पाय घातला त्यानं." ऐकणारा हळहळायचा, त्यांना खोटं पाडायची तालमीतल्या पोरांची छाती नव्हती, आणि मी आत चुलीपुढे गप्प. खरं म्हणजे शेळी शेजारणीची. आमच्या पुढच्या सोप्यात शिरून तिनं ज्वारीच्या पोत्याला तोंड लावलं, मामंजी तिला हाकलत बाहेर धावले आणि पायरी चुकून थेट रस्त्यावर उताणे पडले. मांडीचं हाड मोडलं. भर दुपारची वेळ, रस्ता रिकामा, आणि बघायला मी एकटी होते.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला तेवढीही झाली नव्हती. माहेर पेठ वडगावचं, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्याकडे आवाज चढायचा तो पाढे म्हणताना. सासर कोल्हापुरातल्या पेठेतलं, तिथं सगळंच मोठ्यानं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे बसवर कंडक्टर, कोकणातल्या मुक्कामाच्या गाडीवर, एक दिवसाआड घरी यायचे. म्हणजे घरात मी आणि मामंजी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये माझा पदर. सुनेनं सासऱ्यापुढे उभं राहायचं नाही, तोंड वर करून बोलायचं नाही, हात लावायचा तो पाया पडण्यापुरता, तोही सणावारी. काही सांगायचं झालं तर मी दाराच्या चौकटीला सांगत असे, "जेवण वाढलंय." चौकट ऐकायची आणि मामंजी उठून यायचे. असा आमचा संसार बरा चालला होता.

मामंजी तरुणपणी नावाजलेले पैलवान. केस पांढरे झाले तरी पेठेत त्यांना वस्तादच म्हणत. पहाटे तालमीत जायचं, पोरांना शिव्या द्यायच्या, दूध पिऊन परत यायचं आणि मग दिवसभर सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. असा माणूस दवाखान्यात मांडीला वजनं टांगून पडला, मग प्लास्टर घालून घरी आला. प्लास्टर निघालं तेव्हा पावसाळा अर्धा उलटला होता. आतून पाय निघाला तो माझ्या हाताएवढा, आणि गुडघा वाकेचना.

डॉक्टर घरी आले होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ते मामंजींना म्हणाले, "हाड जुळलंय, वस्ताद. गुडघा आखडलाय. आता पुढचं काम तुमचं. जमिनीवर सतरंजी टाकून सपाट उताणं झोपायचं. टाच जमिनीवरून घासत कमरेकडे ओढायची, जाईल तेवढी. मग पाय ताठ करून वर उचलायचा. सकाळ-संध्याकाळ. दुखेल, तरी करायचं."

"त्यात काय? जन्मभर मेहनतच केली की."

"म्हणूनच तुमची काळजी कमी. दसऱ्याच्या आधी मी बघायला येईन. तोवर वाकला तर स्वतःच्या पायानं चालाल. नाही वाकला तर भूल देऊन हातानं वाकवावा लागेल, आणि या वयात हाड पुन्हा मोडायची भीती आहे. तसं झालं तर मात्र कायमची खाट."

डॉक्टरांनी हे यांना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. पण मामंजी हसले. मलाही धीर आला. ज्या माणसानं जन्मभर जोर-बैठका मारल्या, त्याला टाच ओढायला सांगायचं, यात अडचण ती काय येणार?

दुसऱ्या दिवसापासून सोप्यातून आवाज येऊ लागले. "हूं, एक. हूं, दोन." मध्येच मांडीवर थाप. मध्येच लांब उसासा. मी भाकऱ्या थापता थापता ऐकत असे आणि मला बरं वाटत असे. आठवडा गेला असेल. एकदा चहा द्यायला जरा लवकर गेले आणि दाराशीच थांबले. मामंजी खाटेवर लोडाला टेकून बसले होते. पाय काठीसारखा समोर. नजर रस्त्यावर. आणि तोंडानं चाललं होतं, "हूं, अकरा. हूं, बारा." बारा म्हणून त्यांनी चांगल्या मांडीवर थाप मारली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहाचा कप तिथेच चौकटीशी ठेवला आणि आत आले. त्यांना विचारायची मला मुभा नव्हती, म्हणून हे घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "आबा खोटं बोलणार न्हाईत."

मी म्हटलं, "खोटं कुठं बोलतात? नुसतं मोजतात."

मग हे स्वतः समोर उभे राहिले. मामंजी सतरंजीवर उतरले, पण कुशीवर वळले. कुशीवरून पाय ओढला तर गुडघा पुरता वाकेना. पालथं झोपायला डॉक्टरांची मनाई होती, मोडलेल्या मांडीवर भार नको म्हणून. हे म्हणाले, "आबा, उताणं व्हा की." मामंजी म्हणाले, "कुशीवर जमतंय." पुन्हा म्हटलं तर, "मला शिकवतोस काय मेहनत?" यांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ड्यूटीवर गेले.

कारण मला कळलं ते गूळवाल्या काकांमुळे. काका मामंजींचे जुने मित्र, लिंगायत, गुळाचे अडत्ये. एके काळी दुसऱ्या तालमीचे पैलवान. रोज संध्याकाळी दुकान आवरून आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि मामंजी आत खाटेवरून बोलत. त्या दिवशी त्यांच्याबरोबर पन्हाळ्याकडचा कुणी नवा माणूस होता. काका त्याला सांगत होते, "पावणं, ह्या माणसाची पाठ मातीनं बघितली न्हाई. मी सोता लढलोय ह्याच्याशी. ह्याला पाडणारा गडी कोल्हापुरात जन्मला न्हाई. आता म्हातारा झालाय, पण पाठ कोरीच हाय."

पाहुण्यानं मान डोलावली. चिमणीच्या उजेडात मामंजींची छाती वर आलेली मला दिसली. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि मग मला आठवलं, की हा माणूस झोपतोसुद्धा कुशीवर. मला वाटायचं सवय असेल. काका रोज येत, रोज प्रेमानं तेच सांगत, आणि रोज त्या पाठीवर आणखी एक कुलूप घालून जात. त्यांच्या ते गावीही नव्हतं.

मी कारण सांगितल्यावर यांनी धीर करून विचारलं, "आबा, दवाखान्यात हुतासा तवा उताणंच हुतासा की."

"तिथं वजनं लावून बांधलं हुतं. बांधलेल्या माणसाची पाठ लागत न्हाई."

मी पदर तोंडात कोंबून हसले. पण ते हसू टिकलं नाही, कारण मला दुसरंच काही दिसायला लागलं होतं. मामंजी जेवेनासे झाले होते. दोन भाकऱ्यांची एक झाली, मग अर्धी, मग चतकोर. "भूक न्हाई," एवढंच. खरवस केला, तोही ठेवला. मला आधी वाटलं, माझ्या हाताला चव नाही. मग एक दिवस लख्ख कळलं. ताठ पायानं मागच्या परड्यातल्या संडासात बसणं त्यांना शक्य नव्हतं. भोक पाडलेली खुर्ची, खाली भांडं. हे घरी असले तर हे उचलून बसवत, नसले तर शेजारचा माणूस. आणि भांडं बाहेर न्यायची मी. म्हणून ते खाणंच तोडत होते. खाल्लं नाही तर कुणाला बोलवायला नको, आणि सुनेनं भांडं उचलायला नको.

हे कळलं त्या दिवशी मी चुलीत फुंकर घालत बसून खूप रडले. मला त्यांचा राग येत होता आणि दया येत होती, आणि दोन्ही त्यांच्यापुढे दाखवायची सोय नव्हती. दंडाची कातडी लोंबायला लागली होती. दसरा जवळ येत होता. हा माणूस पाठीसाठी मरणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

मी माझ्या परीनं एक उपाय केला. रस्त्यावरून सगळं दिसतं म्हणून लाजत असतील, तर दार लावून घेऊ. भर दुपारी सोप्याचं दार लावलं, कडी घातली, सतरंजी अंथरली आणि आत जाऊन बसले. आमच्या पेठेत दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात एक तर कुणी गेलं किंवा भांडण झालं. थोड्याच वेळात बाहेर चार बायका जमल्या. मग गूळवाले काका दुकान टाकून आले आणि काठीनं दार ठोकायला लागले. "वस्ताद! हायस का रं?" मामंजी आतून ओरडले, "हाय! सूनबाई, उघड ते दार." उघडलं. बायकांनी आत डोकावून मामंजी जिवंत असल्याची खात्री केली आणि काहीशा निराश होऊन गेल्या.

मग यांनी उपाय केला, तो माझ्यापेक्षा वाईट. हे तालमीत वाढलेले, त्यांच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? एका सकाळी तालमीच्या आखाड्यातली पाटीभर माती घेऊन आले. तांबडी, तेल-ताक-हळद घालून मुरवलेली. माजघरात पसरली. मला म्हणाले, "आबांचं सगळं आयुष्य ह्या मातीत गेलंय. हिच्यात उतरलं की अंग आपोआप हलंल." मलाही ते पटलं. मी मास्तरांची मुलगी, मला काय कळणार?

शेजाऱ्याच्या मदतीनं मामंजींना माजघरात आणलं. मातीचा वास आला तसा त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला. चिमूटभर माती घेऊन त्यांनी कपाळाला लावली. बसल्या बसल्या मूठभर अंगावर चोळली. माझ्या मनात आलं, झालं, सुटलो आपण. आणि हे प्रेमानं म्हणाले, "आता हितं उताणं झोपा, आबा."

मामंजींचा हात तिथेच थांबला. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही, हेच मला भयंकर वाटलं.

"ह्या मातीत माझी पाठ लावाय आणलंस मला?"

"तसं न्हवं, आबा."

"पोटच्या पोरानं?"

मामंजींनी तोंड फिरवलं आणि शेजाऱ्याला उचलायची खूण केली. खाटेवर ठेवल्यावर ते भिंतीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. चहा तेवढा घेत. हे माती पाटीत भरून परत देऊन आले आणि ओट्यावर डोकं धरून बसले. ड्यूटीवर निघताना मला म्हणाले, "तू बघ काय जमतंय का." मी काय बघणार होते?

डॉक्टर आले. गुडघ्याला हात लावला, वाकवून पाहिला, सोडून दिला. रागावले नाहीत. "दसरा झाला की दवाखान्यात आणा. भूल देऊ. दुसरा मार्ग नाही. पण आधी खायला घाला, या अंगावर मी भूल देऊ शकत नाही." मामंजी भिंतीकडेच तोंड करून होते. डॉक्टर गेल्यावर भिंतीला म्हणाले, "मला आता उठायचं न्हाई."

त्याच दुपारी मी ताट घेऊन गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. मामंजींनी न बघता हातानं ताट ढकललं. आमटी सतरंजीवर सांडली. आणि माझं डोकं फिरलं. मी खाटेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला जाऊन समोर उभी राहिले. पदर कधी खाली आला ते कळलं नाही.

"मामंजी, ती पाठ कधीच लागलीय. शेळीनं पाडलं तेव्हा तुम्ही रस्त्यात उताणे होता. मी बघितलंय. मी काखेत हात घालून तुम्हाला ओढत आत आणलंय. आता काय राखत बसलाय?"

बोलून तर बसले. सासऱ्याला कुणी असं बोलतं? मला संध्याकाळच्या गाडीनं वडगावला धाडतील, आणि वडील काय म्हणतील, आणि हे काय म्हणतील, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मामंजी माझ्याकडे बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं असेल.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"माझ्या पोरालाबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "ते धरायचं न्हाई."

"का?"

"शेळीशी काय कुस्ती असती व्हय? पाठ लागली म्हणायची तर वर जोडीचा गडी पायजे." आतल्या आत काहीतरी हिशेब चालला असावा, कारण भुवया वर-खाली होत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि बाईशीबी कुस्ती हुत न्हाई."

मला कळायला वेळ लागला. हे वर असले तर पोरानं पाठ लावली. तालमीतला कुणी असला तर बोलायलाच नको. पण सून? सून मोजायचीच नाही. मला शेळीच्या पंगतीला बसवलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी याचा अपमान मानला असता. त्या दिवशी मी सांडलेली आमटी पुसली, सतरंजी बदलली आणि पदर कमरेला खोचला.

खाटेवरून खाली उतरवताना दोघांनाही लाज वाटत होती. ते जमिनीवर टेकले, कोपरांवर आले, आणि मग हळूहळू पाठ खाली गेली. पाठ टेकली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून मान वळवली. मी घोट्याला हात लावला. सासऱ्याच्या पायाला, आणि सण नसताना. एका हातानं घोटा धरला, दुसरा गुडघ्याखाली घातला आणि टाच ढकलली. काहीच हललं नाही. आणखी ढकलली. त्यांच्या कपाळावर घाम आला, तोंडातून आवाज नाही. मीच सोडून दिलं.

"सोडू नगंस," ते म्हणाले.

रोज ढकलत होतो. हाताखाली हाड आहे, ते एकदा मोडलेलं आहे, आणि माझ्या हातून ते पुन्हा मोडलं तर, हे भय मला भात वाढतानासुद्धा सोडत नसे. आणि एका संध्याकाळी गुडघ्यातून आवाज आला. कट्कन. मी हात काढून घेतले. मामंजींचा चेहरा पांढरा पडला होता. मोडलं, मी मोडलं, आता कायमची खाट, आणि ती माझ्यामुळे. बाहेर रस्त्यावरून कुणी बैलगाडी हाकत चाललं होतं, त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि आम्ही दोघं तसेच.

मामंजींनी हात खाली नेऊन मांडी चाचपली. वरून खाली, खालून वर. पैलवानाचे हात, त्यांना हाडाचं कळतं. मग श्वास सोडून म्हणाले, "हाड शाबूत हाय. आखडलेलं सुटलंय. ढकल."

मी ढकललं. टाच सतरंजीवरून सरकली, आणि सरकतच गेली, कालच्यापेक्षा वीतभर पुढे. मी ओक्साबोक्शी रडायला लागले. ते म्हणाले, "रडायचं ते मी. तू कशापायी?" आणि त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली.

यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. एकदा गाडी लवकर आली आणि हे दारात उभे. आत बाप उताणा, आणि बायको पदर खोचून त्याच्या पायावर वजन टाकते आहे. यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मग हे मागे वळले आणि ओट्यावर जाऊन बसले, आडवे पाय टाकून, कुणाला आत जाता येऊ नये असे. गूळवाले काका आले तर त्यांना तिथेच धरून गुळाचा भाव विचारत बसले. यांना गुळाच्या भावाशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. जरा बरं वाटलं की मामंजी टाळायला बघत. आज एकादशी आहे. आज अंग गरम वाटतंय. आज तालमीला सुट्टी आहे, मग आपल्यालाबी सुट्टी. मी सतरंजी अंथरून नुसती उभी राहायची. एकदा ते चिडून म्हणाले, "वस्ताद मी का तू?" मी चौकटीला सांगितलं, "सतरंजी घातलीय." चौकटीनं ऐकलं. दुपारचा चहा सतरंजी झाल्याशिवाय द्यायचा नाही, असा मी नियम केला, आणि एकदा खरोखर दिला नाही. त्या दिवशी त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या तालमीतल्या पोरांनाही मिळत नसतील.

दसऱ्याआधी आम्हीच डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. गुडघा पुरता नाही, पण काठीच्या आधारानं परड्यात जाऊन बसता येईल इतका वाकत होता. डॉक्टरांनी दोनदा वाकवून पाहिला. "हे कुणी केलं?"

"कोण करणार? मीच की," मामंजी म्हणाले. "मेहनत."

मी दाराआड होते. मला इतका राग आला, की हातातली बशी आपटून ठेवली. सून मोजायची नाही हे ठीक, ते ठरलेलंच होतं. पण माझ्या तळहाताला त्यांच्या घोट्याचे वळ होते. डॉक्टर म्हणाले, "आता सोडू नका. महिनाभर सोडलंत तर पुन्हा आखडेल. या वयात हे जन्माचं काम आहे." मामंजी म्हणाले, "सोडतोय कशाला?" आणि मला ठाऊक होतं, की सोडणार.

दिवाळी झाली. मामंजी काठी टेकत परड्यात जात, ओट्यावर बसत. सतरंजीला रोज नवी कारणं निघत. मग एका सकाळी म्हणाले, "तालमीत जाऊन येतो." हे ड्यूटीवर. एकटं सोडायची माझी छाती होईना. त्यांच्या मागे चार पावलं ठेवून मी निघाले, हातात रिकामी पिशवी, जणू बाजारात चालले आहे. प्रत्येक दगडाला माझा जीव वर-खाली होत होता. तालमीत बायकांनी जायचं नसतं. मी दारापासून जरा लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आत पोरांचा गलका झाला, पाया पडण्याची गडबड झाली. कुणी खुर्ची आणली. गूळवाले काका आधीच येऊन बसले होते. त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असा.

"बघा रं पोरानु! हाड मोडलं, गुडघा गेला, डॉक्टरनं हात टेकलं. पण ह्याची पाठ अजून कुणी बघितली न्हाई. आजारानंबी न्हाई!"

पोरांनी आरोळी दिली. मी पिशवी घट्ट धरून उभी. मामंजी आता छाती काढून बसले असतील, मला न बघताही दिसत होतं. उद्यापासून सतरंजी बंद, हेही दिसत होतं. पुन्हा ती खुर्ची, ते भांडं, ती चतकोर भाकरी.

आरोळी थांबली तरी मामंजींचा आवाज येईना. मग आला, ओरडून नव्हे, पण स्पष्ट.

"बघितली की."

"कोण गडी?" काकांनी विचारलं.

"गडी न्हवं. सुनंनं लावली माझी पाठ. सकाळ-संध्याकाळ लावती. सुट्टी देत न्हाई."

कुणी हसेल म्हणून मी कान झाकायला हात वर नेले. तालमीत कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला आणि मामंजी दारातून बाहेर आले. मी रस्त्याच्या कडेला उभी आहे हे त्यांना ठाऊक असावं, कारण इकडे तिकडे न शोधता ते सरळ माझ्याकडे आले. आणि भर पेठेत, सगळ्यांच्या देखत, म्हणाले, "चल. सतरंजी राहिलीय."